सातबारा नाही म्हणून लेकरू तुरुंगात

दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या आसपास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक फोटो येतो. तुरुंगातल्या बालवाडीत कुणीतरी खेळणी वाटत असते. मागच्या भिंतीवर कार्टून रंगवलेले असते. मुलांचे चेहरे धूसर केलेले असतात, वाटणाऱ्याचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो. खेळण्यांशी आमचे भांडण नाही. बराकीत दिवस काढणाऱ्या पोराला चेंडू मिळाला तर चांगलेच आहे. पण फोटोखालच्या बातमीत एक प्रश्न कधीच नसतो. हे मूल इथे आहे कशासाठी?

आई आत आहे, मूल अंगावर पिते, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मूल आत आहे. इथपर्यंत सगळ्यांना कळते. पण मग आई आत का आहे? या प्रश्नाला हात घातला की खेळणी वाटणारे घड्याळाकडे पाहू लागतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातल्या तुरुंगांत १,५३७ स्त्रिया आपल्या १,७६४ मुलांसह राहत होत्या. यातल्या बहुसंख्य स्त्रिया कच्च्या कैदी, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून कोणत्याही कोर्टात सिद्ध झालेला नाही. एकूण कैद्यांचे चित्रही तेच आहे. त्या दिवशी तुरुंगात असलेल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातले तीन. या कच्च्या कैद्यांत जवळपास पाचातला एक अनुसूचित जातीचा असतो, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. आदिवासी, भटके-विमुक्त आणि मुसलमान यांची भर घातली की तुरुंग म्हणजे गावकुसाबाहेरची वस्तीच उंच भिंतीच्या आत नेऊन ठेवल्यासारखा दिसतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. स्त्रियांना जामीन देताना कायदा कठोर नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये स्पष्ट तरतूद आहे की गुन्हा गंभीर असला तरी आरोपी स्त्री असेल तर कोर्ट तिला जामीन देऊ शकते. संविधानाच्या कलम १५(३) ने स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतुदी करण्याची मुभा दिली आहे, तिला धरूनच हे आहे. मग अडते कुठे?

अडते कागदावर. तालुका कोर्टात रोज उभे राहणारे आमचे वकील मित्र सांगतात की जामीन मंजूर होणे आणि बाई सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट म्हणते, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. सक्षम कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. ज्याच्याकडे घरपट्टीची पावती आहे, कायम नोकरीचे पगारपत्रक आहे, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आहे तो. झोपडपट्टीत, पालावर, गायरानात, ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या बाईच्या नात्यागोत्यात असा माणूस कुठून येणार? ज्यांच्या कित्येक पिढ्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांच्याकडे स्वातंत्र्याची किंमत म्हणून जमिनीचा उतारा मागितला जातो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखोंनी अटक करून घेतली, त्यात बायाही होत्या. जमिनीचा तो प्रश्न सुटला नाही, आणि आज तो जामिनाच्या अर्जात वेगळ्या रूपाने उभा आहे.

बाईच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. पुरुष आत गेला की त्याची बायको, आई, बहीण दारोदार फिरते, दागिना मोडते, मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात रांगेत उभी राहते. बाई आत गेली की बहुतेक वेळा नवऱ्याचे घर हात झटकते. माहेरला लाज वाटते. तिच्यासाठी जामीनदार शोधायला बाहेर कुणी उरतच नाही. मोठी मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर, आणि सर्वांत धाकटे तिच्या कडेवर आत.

हा प्रश्न न्यायव्यवस्थेला माहीत नाही असे म्हणता येणार नाही. १९७८ साली मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचे प्रकरण आले होते. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून असा जामीन मागण्यावर कडक ताशेरे ओढले. त्याला आता पन्नासच्या आसपास वर्षे होत आली. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिला की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत तेव्हा ठरवण्यात आली होती. कागदावर सगळे आहे. पण हे कागद आतल्या बाईपर्यंत कोण नेणार? तिला वाचून कोण दाखवणार?

२००६ सालचा आर. डी. उपाध्याय खटल्याचा निकाल आतल्या मुलांच्या हक्कांचा पाया मानला जातो, आणि तो नीट वाचला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आईबरोबर आत असलेले मूल कैदी नाही, त्याला तसे वागवता येणार नाही. त्याला अन्न, कपडे, औषधोपचार, शिक्षण आणि खेळ यांचा हक्क आहे. गरोदर बाईला तुरुंगात पाठवण्याआधी तिथे बाळंतपणाची किमान सोय आहे की नाही हे पाहिले पाहिजे, आणि शक्य तिथे तिला तात्पुरते सोडून बाहेरच्या दवाखान्यात बाळंत होऊ दिले पाहिजे. पाळणाघर आणि बालवाडी असावी, आणि तीही शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर. ज्या बायकांची मुले आत आहेत त्यांचे खटले कोर्टांनी आधी घ्यावेत. आणि मूल तुरुंगात जन्मले तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख येता कामा नये, फक्त त्या भागाचा पत्ता यावा.

या शेवटच्या मुद्द्यापाशी आम्हाला थांबावेसे वाटते. न्यायालयाला हे का लिहावे लागले? कारण या देशात जन्माचे ठिकाण माणसाला आयुष्यभर चिकटते हे त्याला ठाऊक होते. जन्मावरून माणसाची जागा ठरवायची, कर्म दुसऱ्याचे आणि फळ भोगायचे या जीवाने, हीच तर जातीची रीत. बाबासाहेबांचा सगळा लढा या रीतीशी होता. आईवर आरोप आहे म्हणून दीड वर्षाचे पोर संध्याकाळी टाळेबंदीत मोजले जाते, तेव्हा ते जन्मानेच शिक्षा भोगत असते. म्हणून हा प्रश्न आम्ही दयेच्या खात्यात टाकायला तयार नाही. लायन्स क्लबने खाऊ द्यावा, महिला मंडळाने स्वेटर द्यावेत, ते ठीक आहे. पण आंबेडकरी चळवळीने हा प्रश्न आपला म्हणून हातात घ्यायला हवा, कारण तो जात, जमीन आणि जन्म या तिन्ही गोष्टींना एकदम भिडतो.

पारध्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसांच्या वहीतून जमातींची नावे गेली नाहीत. आजही चोरी झाली की पालावर गाडी येते, पुरुष सापडला नाही तर बाईला उचलतात, आणि तिच्या कडेवरचे पोर तिच्याबरोबर गाडीत चढते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, तुरुंगाच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या नियमांवरही बोट ठेवले. संडास कुणी साफ करायचे आणि स्वयंपाक कुणी करायचा हे स्वतंत्र भारताच्या तुरुंग नियमावलीत जातीवरून लिहिलेले होते, ते निघायला २०२४ उजाडले! आत वाढणारे मूल पहिला धडा कोणता गिरवत होते, याची कल्पना यावरून यावी.

आता सहाव्या वर्षाचे पाहू. नियम असा की मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आईजवळ राहू शकते. त्यानंतर आईच्या इच्छेप्रमाणे नातेवाइकाकडे, नाही तर संस्थेत. नियमात चूक नाही, तुरुंगात मूल मोठे होऊ नयेच. पण ज्या पोराने आईशिवाय एक रात्र काढलेली नाही, ज्याने रस्ता, कुत्रा, बाजार फक्त चित्रात पाहिला आहे, त्याला एका सकाळी फाटकाबाहेर नेऊन अनोळखी माणसाच्या हातात दिले जाते. शक्यतो त्याच शहरातल्या संस्थेत ठेवावे आणि आठवड्यातून एकदा आईची भेट घडवावी असे न्यायालयाने सांगितले आहे. महाराष्ट्रात तुरुंग विभागाचा गळाभेट नावाचा उपक्रम आहे, त्यात जाळीआडून न बोलता मुलाला प्रत्यक्ष कुशीत घेता येते. चांगला उपक्रम आहे. पण तो कुणाच्या तरी मर्जीवर आणि कार्यक्रमाच्या तारखेवर चालता कामा नये, कैदी आईचा आणि मुलाचा तो नेहमीचा हक्क व्हायला हवा.

आणि जी मुले आत नाहीतच त्यांचे काय? सरकारी अहवाल आतल्या १,७६४ मुलांची नोंद ठेवतो. सात वर्षांची, दहा वर्षांची, तेरा वर्षांची जी बाहेर राहिली, त्यांची मोजदाद त्यात नाही. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. आजीच्या निराधार पेन्शनवर चार तोंडे चालतात. या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाने. दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि आईबाप तुरुंगात असलेली मुलेही तिला पात्र आहेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, बाल कल्याण समितीचा आदेश घ्यायचा. वस्तीतल्या किती जणांना हे माहीत आहे? अटक करणाऱ्या पोलिसाने, रिमांड देणाऱ्या दंडाधिकाऱ्याने त्या बाईला एकच प्रश्न विचारला, "घरी लेकरे किती, आणि आता कुणाजवळ आहेत?", आणि उत्तर लिहून घेतले, तर निम्मे काम तिथेच सुरू होईल. तो प्रश्न विचारणे सक्तीचे करा, ही आमची पहिली मागणी आहे.

"गुन्हा करताना पोर आठवले नाही का?" हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे, आपल्याच माणसांकडूनही. एक तर गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि सिद्ध झाला तरी तो पोराने केलेला नाही. पण या वाक्याच्या मुळाशी दुसरेच काही आहे. आरोपी पुरुषाला कुणी विचारत नाही की तुला पोर आठवले नाही का. बाई आई आहे म्हणून तिचा गुन्हा दुप्पट धरला जातो. १८६३ साली पुण्यात एका ब्राह्मण विधवेने समाजाच्या भीतीने आपले तान्हे मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सगळे शहर त्या बाईला दोष देत होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ये, गुपचूप बाळंत हो, मूल ठेवायचे तर ठेव, नाही तर इथे सोड, असा निरोप दिला. जात ब्राह्मणाची होती, घर माळ्याचे होते. बाई चांगली की वाईट, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ती या थराला का आली, एवढेच पाहिले.

इथे एक अवघड प्रश्न आम्हाला विचारला जाईल, तो आधीच घेतो. अत्याचाराच्या गुन्ह्यात, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये सवर्ण बाई आरोपी असेल आणि तिच्या अंगावर पिते मूल असेल, तर? आमचे उत्तर तेच आहे. कायद्याने अटकपूर्व जामीन बंद केला आहे, तो बंदच राहावा. खटला चालावा, शिक्षा व्हावी. पण तिच्या मुलाचाही जन्म हा गुन्हा नाही. पीडित कुटुंबाला संरक्षण द्या, तिला गावबंदी घाला, साक्षीदारांपासून लांब ठेवा. मूल मात्र बराकीत नको. जे तत्त्व फक्त आपल्या माणसांपुरते असते त्याला तत्त्व म्हणत नाहीत, आणि आपण ते तसे वापरले तर उद्या आपल्या बायांसाठी कोणत्या तोंडाने मागणार?

मूल आईपासून तोडून बाहेर काढा असे आम्ही म्हणत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. अंगावरच्या पोराला आई हवीच. आई आत आणि पोर आत, किंवा आई आत आणि पोर बाहेर, एवढेच दोन पर्याय नाहीत. आईच बाहेर, हा तिसरा आहे. जगात तो वापरला गेला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली सांगितले की मुलांना मुख्यतः सांभाळणाऱ्या व्यक्तीला शिक्षा देताना त्या मुलांच्या हिताचा स्वतंत्र विचार कोर्टाने केलाच पाहिजे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गरोदर आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या कच्च्या कैदी आयांना, काही अपवाद सोडून, तुरुंगाऐवजी घरीच नजरकैदेत ठेवण्याचा आदेश दिला. लांब कशाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका गरोदर बाईला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. अमली पदार्थांचा कायदा जामिनाच्या बाबतीत किती कडक आहे हे वकिलांना विचारा. तिथे हे होऊ शकते, तर तीन हजारांच्या चोरीत का होऊ नये?

आणि जिला शिक्षा झाली आहे ती? खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सगळ्या आया सोडून द्या, असे आम्ही म्हटले तर कुणी ऐकणार नाही, आणि ते योग्यही नाही. पण जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून खुले कारागृह आहे, जिथे कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा कामाला बाहेर जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात, आणि त्यांची मुले साध्या मुलांसारखी शाळेत जातात. तिथे जन्मठेपेचे कैदी आहेत. आकाश कोसळलेले नाही. महाराष्ट्राने हे लेकुरवाळ्या कैदी स्त्रियांसाठी का करू नये?

पैसा लागतो, असे उत्तर येईल. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी आणि कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याचे विधेयक आले, तेव्हाही हेच म्हटले जात होते. बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. आईची काळजी हे कुणा मालकाचे उपकार नव्हेत, राज्याची जबाबदारी आहे, असा तो विचार. तुरुंगातली बाई तर पूर्णपणे राज्याच्या ताब्यात आहे. तिच्या बाबतीत ती जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलताच येणार नाही.

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण जामीनदार सरकार देणार नाही. तो वस्तीतून, विहारातून, कर्मचारी संघटनेतून उभा राहील. आरक्षणामुळे आज आपल्यातल्या हजारोंकडे कायम नोकरीचे पगारपत्रक आहे, स्वतःच्या नावावर घर आहे. समाजाचे ऋण फेडण्याची भाषा प्रत्येक सत्कार समारंभात होते. ते फेडायची एक जागा ही आहे. प्रत्येक तालुक्यात दहा जणांची यादी असावी, जे वर्षातून एका बाईला जामीन राहतील. धोका आहे, ते लपवायचे कारण नाही. बाई तारखेला आली नाही तर जामीनदाराला नोटीस येते, रक्कम भरावी लागू शकते. म्हणून जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा यासाठी बाजूला ठेवावा, आणि दर तारखेच्या आदल्या दिवशी त्या बाईच्या घरी जाऊन आठवण देणारा एक कार्यकर्ता नेमावा. बहुतेक बाया पळून जात नाहीत. तारीख चुकते ती एसटीचे भाडे नसते म्हणून, पोर तापाने फणफणलेले असते म्हणून, किंवा तारीख कुणी सांगितलेलीच नसते म्हणून.

ज्यांना जामीन राहायचे आहे त्यांनी आधार कार्ड, रेशन कार्ड, मागच्या तीन महिन्यांचे पगारपत्रक किंवा सातबारा, घरपट्टीची ताजी पावती, दोन फोटो एवढे एका पिशवीत तयार ठेवावे. कोणत्या कोर्टात काय चालते यात थोडा फरक पडतो, तो तिथल्या वकिलाला विचारावा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो. आणि आपल्या तालुक्यातली कोणती बाई लेकरासह आत आहे, हे त्याच कार्यालयात पहिल्या भेटीत विचारावे.